दुसऱ्या हातून घडणारे दान

इंग्लंडच्या खालच्या विभागांत खेळणारे अनेक फुटबॉल क्लब आपल्या सीझन तिकीटधारकांना, म्हणजे पूर्ण हंगामाचे तिकीट आधीच घेतलेल्यांना, अधूनमधून एक सवलत देतात: अमुक सामन्याला तुमच्यासोबत एक पाहुणा फुकट आणा. असा सामना सहसा मोठ्या चुरशीचा नसतो. आठवड्याच्या मधल्या एखाद्या थंड रात्रीचा किंवा ज्याला प्रेक्षक कमी येतात असा असतो. ज्या क्लबांच्या सीझन तिकिटांसाठी वर्षानुवर्षे रांग लागते, त्यांना असे आमंत्रण द्यावे लागत नाही. खुर्च्या रिकाम्या राहणार असतात तिथेच हे औदार्य सुचते. पाहुण्याचे नाव आणि ईमेल पत्ता बहुधा आधी नोंदवून घेतला जातो, म्हणजे पुढच्या सामन्याची जाहिरात त्याच्यापर्यंत थेट पोचते. इतका हिशेब ज्याच्यामागे आहे त्याला दान म्हणावे का, हा प्रश्न वाटतो तितका क्षुल्लक नाही. देण्यामागे हेतू असला की देणे नासते का, हा धर्मविचारातला जुनाच प्रश्न इथे नव्या जागी उभा आहे. माझे उत्तर असे: क्लब देतो ते दान नाही, पण त्यातून दान घडू शकते, आणि ते घडवणारा क्लब नसून तिकीटधारक असतो.

भगवद्गीतेच्या सतराव्या अध्यायात दानाचे तीन प्रकार सांगितले आहेत. जो परतफेड करणार नाही अशाला, योग्य स्थळी, योग्य वेळी, केवळ द्यायला हवे म्हणून दिलेले ते सात्त्विक. परतफेडीच्या किंवा फळाच्या अपेक्षेने दिलेले ते राजस. अवेळी, अपात्राला, अवमानाने दिलेले ते तामस. या कसोटीवर क्लबची सवलत उघडउघड राजस ठरते. फ्रेंच अभ्यासक मार्सेल मॉस यांनी 1925 साली भेटवस्तूंवरच्या आपल्या प्रसिद्ध निबंधात दाखवून दिले, की अनेक समाजांत देणे, स्वीकारणे आणि परत देणे ही तिन्ही बंधने असतात. वरून ऐच्छिक दिसणारी भेट आतून देणेघेणे असते. क्लबलाही परतफेड हवीच असते: आज चहा-खाण्याची विक्री, उद्या पूर्ण दराचे तिकीट, परवा आणखी एक सीझन तिकीट. यात लबाडी नाही. क्लबला खेळाडूंचे पगार द्यायचे असतात. मात्र व्यवहाराला व्यवहार म्हणावे.

तरीही या सवलतीत एक वेगळेपण आहे. तिकीटधारक ती स्वतःसाठी वापरू शकत नाही. त्याची जागा आधीच पैसे भरून ठरलेली असते. हातात आलेली ही वस्तू दुसऱ्याला दिली तरच तिला अर्थ येतो, न दिल्यास ती सामन्याबरोबर संपते. कोणाला न्यायचे हे क्लब ठरवत नाही. कामावरच्या नव्या माणसाला, शेजारच्या एकट्या म्हाताऱ्याला की तिकिटाचा खर्च न झेपणाऱ्या कुटुंबातल्या पोराला, ही निवड तिकीटधारकाची असते, आणि त्या निवडीला क्लबच्या फायद्यातोट्याशी काही देणेघेणे नसते. एका हातातून राजस म्हणून निघालेली वस्तू दुसऱ्या हातातून सात्त्विक होऊ शकते, कारण गुण वस्तूत नसतो, देणाऱ्याच्या भावात असतो.

यावर आक्षेप येईल, की तिकीटधारकाने स्वतःचे काय दिले? जे फुकट मिळाले तेच पुढे केले. पण देणाऱ्याचे किती गेले यावर दान मोजले जात नाही. रक्तदात्याचे रक्त पुन्हा भरून येते, म्हणून त्याचे दान खोटे ठरत नाही. शिवाय तिकीटधारक खुर्चीपेक्षा जास्त काही देतो. तो आपल्या वर्षानुवर्षांच्या सोबत्यांमध्ये एका परक्याला बसवतो, त्याच्या वागण्याची हमी घेतो, त्याला गाणी आणि खेळाडूंची नावे सांगतो. क्लबला हे विकता येत नाही, कारण ते त्याच्या मालकीचे नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: वर्षभराचे पैसे भरणाऱ्यावर हा अन्याय नव्हे का? इंग्लंडमधले अनेक फुटबॉल क्लब चर्चच्या आवारात जन्मले. एव्हर्टन 1878 साली एका मेथडिस्ट चॅपलच्या संघातून, तर साउदॅम्प्टन 1885 साली सेंट मेरी चर्चच्या तरुण मंडळातून उभा राहिला. म्हणून त्याच परंपरेतला मत्तयाच्या शुभवर्तमानातला द्राक्षमळ्याचा दाखला इथे आठवणे योग्य आहे. दिवसभर राबलेल्यांना आणि अखेरच्या तासाला आलेल्यांना मालक सारखीच मजुरी देतो. पहिले कुरकुरतात, तेव्हा तो म्हणतो की ठरलेले तुम्हाला मिळाले आहे. हे उत्तर पटते, पण एका अटीवर: पहिल्यांना ठरलेली मजुरी न्याय्य असली पाहिजे. फेब्रुवारी 2016 मध्ये लिव्हरपूलने सर्वांत महाग तिकीट 77 पौंडांचे करायचे ठरवले, तेव्हा हजारो प्रेक्षक संडरलंडविरुद्धच्या सामन्यात 77व्या मिनिटाला उठून बाहेर पडले, आणि काही दिवसांत क्लबला निर्णय मागे घ्यावा लागला. निष्ठावानांची पिळवणूक करणाऱ्या क्लबने पाहुण्याला फुकट बसवले, तर ते औदार्य त्या पिळवणुकीवरचे पांघरूण ठरेल. पाहुण्याचे फुकट तिकीट यजमानाच्या न्याय्य दराची जागा घेऊ शकत नाही.

तिसरा आक्षेप मला मान्य करावा लागतो. ओळखीतून वाटले जाणारे तिकीट ज्याची कोणाशी ओळख नाही त्याच्यापर्यंत पोचत नाही. जर्मनीतल्या फॉर्टुना ड्युसेलडॉर्फने 2023–24च्या हंगामात काही घरचे सामने सर्वांना मोफत केले, खर्च प्रायोजकांकडून मिळवला आणि जागांसाठी सोडत काढली. समानतेच्या दृष्टीने हा मार्ग सरस आहे, कारण सोडत कोणाचे तोंड पाहत नाही. पण सोडतीतून माणसाला जागा मिळते, सोबत मिळत नाही. न्यायाला चेहरा नसणे हे त्याचे बळ आहे, दानाला चेहरा असणे हे त्याचे. क्लबने दोन्ही करावे आणि एकाच्या नावाखाली दुसरे टाळू नये.

यातून दोन कर्तव्ये निघतात. क्लबने पाहुण्याच्या माहितीच्या आधारे त्याचा पाठलाग करू नये. दुसऱ्याच्या स्नेहातून आलेल्या माणसाला गिऱ्हाईक म्हणून घेरणे म्हणजे न दिलेल्या दानाची वसुली आहे. आणि तिकीटधारकाने, जमेल तेव्हा, आपल्याला उलट आमंत्रण देऊ शकणार नाही अशा माणसाला न्यावे. हेतूने विटाळलेल्या जगात शुद्ध दान शक्य नाही असे म्हणून हात आखडता घेणे सोपे आहे. पण व्यवहारातून हाती आलेली वस्तू निरपेक्षपणे पुढे देता येते, आणि बहुतेक माणसांच्या वाट्याला दानाची हीच संधी येते. ती लहान असली तरी खरी आहे.