दोन किल्ल्या

आमच्या घराण्याचा शस्त्रांशी संबंध दसऱ्याला विळी, अडकित्ता आणि माझा कॅल्क्युलेटर यांना हळदकुंकू वाहण्यापुरता. अशा घराण्यातला माझा भाचा टेक्सासला गेला आणि पिस्तुलांच्या नादी लागला. "मामा, कोणतं घेऊ?" असं तो फोनवर विचारतो, ते बाजारात नारळ वाजवून बघावा अशा सहज सुरात.

त्याच्या मते खरी पिस्तुलं जुनीच. पहिला मान कोल्ट १९११ चा. जॉन ब्राउनिंगनं रचलेलं हे पिस्तूल अमेरिकी सैन्यानं १९११ साली घेतलं आणि १९८५ पर्यंत ठेवलं. बढती न मागता चौऱ्याहत्तर वर्षं एकाच टेबलावर! रिकामं असतानाच वजन किलोच्या वर, पोटात सात गोळ्या. दुसरं ब्राउनिंग हाय-पॉवर. ते अर्धवट ठेवून ब्राउनिंग १९२६ साली बेल्जियममध्ये वारला. काम दुसऱ्यानं पुरं केलं आणि १९३५ साली ते आलं, तेरा गोळ्यांचं. त्याच घाटाचं पिस्तूल आपल्या ईशापूरच्या कारखान्यानंही सैन्यासाठी बनवलं.

यात मौज आहे का? आहे. घड्याळाचं झाकण उघडून आतली चक्रं बघण्यात जे सुख, तेच हे. तलवारीची मूठ बघायला आपण तिकीट काढून संग्रहालयात जातोच की! रेंजवर कागदाला भोक पडतं, कुणाचं काही जात नाही.

पण भाच्याचा पुढचा प्रश्न : कमरेला कोणतं बरं? टेक्सासात २०२१ पासून एकवीस वर्षांवरच्या बहुतेकांना परवान्याशिवाय पिस्तूल बाळगता येतं. इथं माझ्यातला कारकून जागा होतो. कमरेला पिस्तूल लावणं म्हणजे सही केलेला कोरा चेक खिशात घालून निघणं. नाव भरायचं रस्त्यात, भीतीच्या किंवा रागाच्या भरात. रक्कम मात्र ठरलेली : समोरच्याची सगळी शिल्लक.

"मामा, १९११ ला दोन कुलपं आहेत," भाचा म्हणाला. "अंगठ्यानं खटका खाली करायचा आणि मुठीमागची पट्टी दाबायची. त्याशिवाय गोळी सुटतच नाही."

"अरे, आमच्या तिजोरीलाही दोन किल्ल्या. पण एक कॅशियरकडे, दुसरी अधिकाऱ्याकडे. कॅशियर चोर असतो म्हणून नव्हे; एकट्या माणसाचं मन पाच मिनिटं फिरू शकतं म्हणून. तुझ्या दोन्ही किल्ल्या एकाच मुठीत!"

हात घसरला तर काय, याची सोय ब्राउनिंगनं केली. मन घसरलं तर काय, याची सोय कुठल्याच कारखान्याला जमलेली नाही.

"आणि खरंच कुणी अंगावर आला तर? दुसऱ्या किल्लीवाल्याची वाट बघू?"

प्रश्न बिनतोड होता. रात्री अकरा वाजता सुनसान पार्किंगमध्ये एकट्या सापडलेल्या माणसाला बँकेचं नियमपुस्तक वाचून दाखवता येत नाही. तरी मी तडजोड सुचवली. "रेंजवर खुशाल १९११ चालव. एरवी पेटीत ठेव आणि पेटीची किल्ली सूनबाईकडे दे. हवं तेव्हा तिच्याकडे माग. मागताना कारण सांगावं लागेल, तेवढ्यात राग उतरेल."

पलीकडे जरा शांतता पसरली.

"मामा, तिनंच विचारायला सांगितलंय. पर्समध्ये वॉल्थर पीपीके मावेल का?"