थंडावा कुणाचा, उष्णता कुणाची?

शिडाची बोट आणि एसी हे दोन शब्द एकत्र ऐकले की प्रथम हसू येते. जी बोट वाऱ्यावर चालते तिला थंड हवेसाठी यंत्र कशाला हवे? पण हा प्रश्न काल्पनिक नाही. फ्लोरिडा, कॅरिबियन बेटे, भूमध्य समुद्र, थायलंडचा किनारा अशा ठिकाणी अनेक कुटुंबे पस्तीस-चाळीस फुटी शिडाच्या बोटींवर महिनोन्‌महिने राहतात. तीच त्यांची झोपण्याची खोली, तेच स्वयंपाकघर. उन्हाळ्यात केबिनची भट्टी होते आणि मग एसी बसवावा की नाही, यावर खल सुरू होतो. कोकणातल्या आमच्या वाचकांना समुद्र नवा नाही. हर्णै, श्रीवर्धन, मुरूडच्या कितीतरी घरांतले वाडवडील खलाशी होते, तांडेल होते. त्यांच्यासाठी बोट म्हणजे रोजी होती. इथे ती हौसेचे घर आहे. तरीही या हौशी लोकांचा प्रश्न आम्हाला महत्त्वाचा वाटतो. कारण सुखाची जी किंमत जमिनीवर नजरेआड राहते, ती चाळीस फुटांच्या बोटीवर डोळ्यांसमोर येते.

आधी यंत्र समजून घेऊ. विलिस कॅरिअर या अमेरिकन अभियंत्याने १९०२ साली ब्रुकलिनच्या एका छापखान्यासाठी आधुनिक वातानुकूलनाची रचना केली. ती माणसांसाठी नव्हती, कागदासाठी होती. दमट हवेत कागद फुगे आणि रंग एकावर एक नीट बसत नसत. म्हणजे हे यंत्र जन्माला आले ते हवेतला दमटपणा आवरण्यासाठी. माणसाचा आराम नंतर आला. आणि हे यंत्र थंडावा तयार करत नाही. थंडावा तयार करताच येत नाही. ते फक्त उष्णता उचलते आणि दुसरीकडे नेऊन टाकते.

घरात ती उष्णता भिंतीबाहेरच्या पंख्यातून हवेत जाते. बोटीवर बहुधा ती समुद्रात जाते. त्यासाठी बोटीच्या तळाला, पाण्याच्या पातळीखाली एक भोक पाडतात, त्याला बंद करता येईल असा नळ बसवतात. पंप समुद्राचे पाणी आत ओढतो, ते गाळणीतून यंत्राच्या नळ्यांभोवती फिरते आणि कोमट होऊन बोटीच्या कडेने बाहेर पडते. चाळीस फुटी बोटीला उष्ण कटिबंधात साधारण १६,००० बीटीयूचे यंत्र लागते. म्हणजे केबिनमधून सुमारे ४.७ किलोवॅट उष्णता बाहेर काढली जाते. ती काढण्यासाठी यंत्राला दीडएक किलोवॅट वीज लागते आणि त्या विजेचीही अखेर उष्णताच होते. समुद्राच्या पदरात सहा किलोवॅटच्या आसपास पडतात. आपण जेवढी उष्णता स्वतःपासून दूर केली त्याहून अधिक आपण बाहेर टाकली, हा या व्यवहाराचा पहिला नियम. घरच्या एसीलाही तोच लागू आहे.

दुसरा हिशेब विजेचा. घरात भिंतीवरचे बटण दाबले की वीज येते; ती कुठून आली याचा विचार कुणी करत नाही. बोटीवर तो करावाच लागतो. रात्रीच्या आठ तासांत कॉम्प्रेसर निम्मा वेळ चालला असे धरले, तरी सहा युनिट वीज लागते. बारा व्होल्टच्या बॅटरीतून ती घ्यायची तर पाचशे अँपिअर-तास हवेत, आणि साध्या शिसे-आम्लाच्या बॅटऱ्या तर निम्म्याहून अधिक रिकाम्या केल्या की लवकर मरतात. बोटीवर आठशे वॅटचे सोलर पॅनेल बसवले तरी चांगल्या उन्हाच्या दिवशी तीन-चार युनिटच पदरात पडतात. मग उपाय उरतात तीन: धक्क्यावरून वीज घ्या, महागडा लिथियम बॅटऱ्यांचा साठा करा, किंवा डिझेलचा जनरेटर लावा.

खरा नैतिक पेच या जनरेटरपाशी सुरू होतो. शांत खाडीत दहा बोटी नांगर टाकून उभ्या आहेत. नऊ बोटींच्या छतावरच्या झडपा वाऱ्यासाठी उघड्या आहेत. दहावीत एसी आहे, म्हणून तिच्या झडपा घट्ट बंद. जनरेटर रात्रभर घरघरतो. पाण्यावर आवाज लांबवर जातो. धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि तो शेजारच्या उघड्या केबिनमध्ये शिरला तर झोपेतच जीव घेऊ शकतो. यात एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. ज्याने हा आवाज निर्माण केला, त्याच्या झडपा बंद असल्यामुळे तो त्यालाच सर्वांत कमी ऐकू येतो. ज्याने काहीच केले नाही, त्याची झोप मोडते. दुसऱ्याला त्रास देणारा माणूस दुष्टच असतो असे नाही. पुष्कळदा तो फक्त दार लावून बसलेला असतो.

आता वाऱ्याचे ऐकू या. नांगरावरची बोट आपोआप तोंड वाऱ्याकडे करते. म्हणून पुढच्या झडपेवर कापडाचा एक उभा झोळ बांधला की वारा थेट केबिनमध्ये उतरतो. 'डोराड' ही शर्यतीची बोट १९३० साली अमेरिकेत बांधली गेली. तिच्या नावाने ओळखली जाणारी वायुवीजनाची पेटी आजही वापरात आहे. ती वारा आत घेते आणि लाटेचे पाणी बाहेर ठेवते. इराणातल्या यज्द शहरातले बादगीर आणि दुबईच्या जुन्या वस्तीतले वाऱ्याचे मनोरे याच शहाणपणातून उभे राहिले. नोकरीसाठी आखातात गेलेल्या आमच्या कित्येक बांधवांनी ते मनोरे पाहिले असतील. पण धक्क्याला दोरांनी बांधलेली बोट वळू शकत नाही. वारा कडेने येतो, शेजारच्या बोटींनी अडतो. म्हणूनच एसीची गरज नांगरावर कमी आणि धक्क्यावर जास्त भासते.

एवढ्यावर 'निसर्गाकडे चला' असे म्हणून लेख संपवणे सोपे होते. आम्हाला ते प्रामाणिकपणाचे वाटत नाही. वारा दरवेळी येतोच असे नाही. हवा तापलेली आणि बाष्पाने भरलेली असली की घाम वाळत नाही, आणि घाम वाळला नाही तर शरीर निवत नाही. ओल्या फडक्याने गुंडाळलेल्या तापमापकावर ३५ अंश सेल्सिअस दिसू लागले, की धडधाकट माणसालाही सावलीत बसून फार तास तग धरता येत नाही, असे शास्त्र सांगते. म्हातारी माणसे, तान्ही मुले, हृदयाचे रुग्ण तर त्याच्या कितीतरी आधी कोसळतात. रात्री झोप न झालेला माणूस सकाळी सुकाणू धरतो तेव्हा सर्वांचा जीव त्याच्या हातात असतो. आणि असाही एक कप्तान असतो, जो उकाडा सोसण्याची फुशारकी मारतो, पण खालच्या केबिनमध्ये घामाने भिजलेल्या बायकोला आणि मुलांना कधी विचारत नाही. स्वतः त्याग करणे हा सद्गुण असेल. दुसऱ्यावर लादलेला त्याग हा सद्गुण नव्हे.

उर्दूत आम्ही तीन शब्द वापरतो: जरूरत, सहूलत आणि ऐश. यंत्र एकच असते, पण ते या तिन्हींपैकी काहीही असू शकते. आजारी आईच्या केबिनमध्ये ती जरूरत आहे. दिवसभर शीड ओढून थकलेल्यासाठी सहूलत आहे. बाहेर छान वारा सुटलेला असताना झडपा लावून, अंगावर रजई घेऊन झोपण्यासाठी लावलेले यंत्र म्हणजे ऐश. म्हणून 'एसी योग्य की अयोग्य' हा प्रश्नच अपुरा आहे. आधी ताडपत्रीची सावली, मग वाऱ्याला वाट, मग काही वॅटवर चालणारा छोटा पंखा, आणि तरीही भागले नाही तर सगळ्या बोटीसाठी नव्हे, झोपण्याच्या एकाच केबिनपुरते लहान यंत्र. या क्रमाने जाणाऱ्याला गरज किती आणि हाव किती, हे आपसूक कळत जाते.

बोटीवरचा हा हिशेब आम्हाला आमच्या गल्ल्यांपर्यंत आणतो. भिवंडी, मालेगाव, मुंब्रा इथल्या अरुंद गल्लीत एका घराच्या एसीची उष्ण हवा समोरच्या खिडकीवर आदळते. त्या खिडकीआड कुणी पत्र्याखाली एका पंख्यावर रात्र काढत असतो. तो पंखाही ती तापलेली हवाच फिरवतो. विजेसाठी कोळसा दूर चंद्रपुरात जळतो, त्याची राख दुसऱ्याच कुणाच्या अंगणात पडते. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेने २०१८ साली सांगितले की जगातल्या विजेचा सुमारे दहावा हिस्सा एसी आणि पंख्यांवर खर्च होतो. यंत्रातला वायू गळाला तर तोही पृथ्वी तापवतो; आर-४१०ए हा वायू शंभर वर्षांच्या हिशेबाने कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे दोन हजार पट प्रभावी आहे. असे वायू टप्प्याटप्प्याने कमी करण्याचा करार २०१६ साली किगाली येथे झाला, पण गल्लीतला करार आपला आपणच करायचा असतो.

विज्ञानाच्या तासाला आम्ही शिक्षक मुलांना शिकवतो की उष्णता नष्ट होत नाही, ती फक्त जागा बदलते. मुले ते पाठ करतात, परीक्षेत लिहितात. पण त्या वाक्यापुढचा प्रश्न पुस्तकात नसतो: ती जागा बदलून जाते कुणाकडे? तो प्रश्न नागरिकशास्त्राच्या तासाला विचारायला हवा. पत्र्याच्या छपराखाली बसलेल्या मुलांना त्याचे उत्तर आपल्याआधी सापडेल.

तर एसी बसवावा का? ज्याच्या देहाला गरज आहे, त्याने जरूर बसवावा. त्यात लाजण्यासारखे काही नाही. मात्र बटण दाबण्याआधी दार उघडून एकदा बाहेर यावे, आपली उष्ण हवा, आपला धूर, आपला आवाज कुठे जातो ते पाहावे, आणि तिथे कोण झोपले आहे याची चौकशी करावी. तिथे कुणी असेल, तर यंत्राचे तोंड वळवणे, ते लहान करणे किंवा काही तास बंद ठेवणे, एवढे तरी आपल्या हातात असते.