सुटे भाग आणि अखंड पहारा

वारकऱ्यांच्या मासिकात फटफटीचे काय काम, असे कोणी विचारील. विचारणाऱ्याने एकदा दिंडीच्या पुढे दोन कोस जाऊन पाहावे. दिंडी पहाटे मुक्काम सोडते त्याच्या आधीच तिचा एक माणूस पुढच्या गावी पोचलेला असतो. पाण्याचा टँकर आला का, पंगतीची जागा कोरडी आहे का, काल पाय सुजून मागे राहिलेली आजी कोणाच्या ओसरीवर आहे, हे सगळे त्याच्या माथी. माउलींचा सोहळा नीरा ओलांडून लोणंद, तरडगाव, फलटण असा सातारा जिल्ह्यातून जातो. सांगली-मिरजेकडच्या कितीतरी दिंड्या कवठे महांकाळ, सांगोला या वाटेने पंढरीला पोचतात. दोन्ही वाटांवर हा पुढे धावणारा माणूस पुष्कळदा जुन्या बुलेटवर दिसायचा. तो भजनात नसतो, पण त्याच्यामुळे बाकीच्यांना भजनात राहता येते.

या गाडीने आमच्या भागात एक वाद उभा केला. तो वाद मला प्रमेयाइतकाच मोलाचा वाटतो, म्हणून आज त्याचे निरूपण.

आधी गाडीविषयी थोडे. बुलेट मूळची इंग्लंडातली. 1955 साली मद्रासला तिचा कारखाना निघाला. पुढे इंग्लंडातली मूळ कंपनीच 1970 च्या सुमारास बंद पडली आणि मद्रासची मात्र चालत राहिली. म्हणजे जिला आपण ‘अस्सल जुनी’ म्हणतो, ती स्वतःच मूळ घर मोडल्यावर दुसऱ्या घरी टिकलेली. सातारच्या कारखान्यात प्रिया स्कूटर बनायची, ती आज रस्त्यावर क्वचित दिसते. बुलेट दिसते, याचे एक साधे कारण म्हणजे तिचे सुटे भाग मिळतात. जो मिळत नाही तो आमच्याकडचा लेथवाला करून देतो. 1910 साली किर्लोस्करवाडी वसली, त्या मुलखात लोखंडाला हात लावायला भिणारी माणसे तशी कमीच.

जुन्या ओतीव इंजिनाचा बोअर 70 मिलिमीटर. पिस्टन वरखाली होऊन सिलिंडर आतून झिजतो, धूर निघू लागतो. मग लेथवर बोअर वाढवायचा आणि किंचित मोठा पिस्टन टाकायचा. असे काही वेळा चालते. पुढे भिंत पातळ होते, तेव्हा आत स्लीव्ह ठोकून पुन्हा मूळ मापावर यायचे. प्लॅटिनम पॉइंट घासतात, क्लच प्लेटा जळतात, वायरिंग कुजते, टाकी खालून गळते. दहा-पंधरा वर्षांत एवढे बदलते की मिस्त्री गमतीने म्हणतो, आता बदलायचा राहिला फक्त मालक.

आता तो वाद. नावगाव सांगत नाही. एका दिंडीतले घर, दोन भाऊ. वडिलांनी सत्तरीच्या दशकात बुलेट घेतली आणि हयातभर त्या गाडीवरून दिंडीच्या पुढची व्यवस्था पाहिली. ते गेल्यावर धाकट्याने गाडी आणि सेवा दोन्ही चालू ठेवल्या. गाडी चालती ठेवायची म्हणजे भाग बदलणे आले. त्याने पिस्टन, हेड, क्रँक, कार्बोरेटर, चाके, टाकी, सीट असे एकेक करून बहुतेक सगळे बदलले. राहिली चासी आणि तिला जखडलेली इंजिनाची केस. थोरला पुण्याला. त्याने मिस्त्रीला सांगून ठेवले होते की बाबांच्या गाडीचा निघालेला एकही भाग भंगारात घालायचा नाही. पोत्यात सगळे साठत गेले. काही वर्षांनी थोरल्याने दुसरीकडून एक जुनी चासी मिळवली, इंजिनाची एक केस पाहिली, पोत्यातले भाग घासूनपुसून, क्रोम चढवून तिच्यावर बसवले आणि गाडी उभी केली. टाकी तीच. वडिलांच्या गुडघ्यांनी तिचा रंग दोन बाजूंनी गेलेला, तो त्याने तसाच राखला.

प्रस्थानाच्या दिवशी त्या दिंडीत रिवाज असा की पहिला नारळ वडिलांच्या गाडीपुढे फुटायचा. त्या वर्षी थोरल्याने आपली गाडी टेंपोत घालून आणली. देवळापुढे दोन गाड्या उभ्या. थोरला म्हणे, बाबांचा हात लागलेले लोखंड माझ्याकडे आहे. धाकटा म्हणे, बाबांची गाडी एक दिवसही थांबली नाही, ती ही. आई दोघांच्या मध्ये पायरीवर बसून.

हसू येईल, पण हसण्यावारी नेण्यासारखे हे नाही. ग्रीक लोकांत एका वीराचे जहाज जपून ठेवले होते. त्याच्या कुजलेल्या फळ्या बदलता बदलता ते तेच जहाज राहिले की नाही, यावर त्यांचे पंडित भांडत. 1655 साली हॉब्ज नावाच्या इंग्रज तत्त्वज्ञाने त्यात भर घातली, की काढलेल्या जुन्या फळ्यांतून कोणी दुसरे जहाज बांधले तर खरे कोणते? त्याला हा प्रश्न कल्पनेत सुचला. आमच्याकडे तो टेंपोतून उतरला. त्याहून कितीतरी आधी आपल्याकडे नागसेन भिक्षूने मिलिंद राजाला विचारले होते, तू ज्या रथातून आलास तो रथ म्हणजे काय, चाक, आस की जू? एकेक भाग वेगळा काढला तर रथ कुठेच सापडत नाही. रथ हे भागांच्या जुळणीला दिलेले नाव. उत्तर तीक्ष्ण आहे. पण पायरीवर बसलेल्या आईला ते सांगून पाहा.

कोणी गीतेकडे वळेल. जुनी वस्त्रे टाकून नवी घ्यावीत तसा देही देह बदलतो, हे आपल्याला पाठ आहे. दोन्ही गुडघ्यांच्या वाट्या बदललेली आजी वारीला येते तेव्हा ही तीच का, असे कोणी विचारत नाही. मात्र हा दाखला इथे लागू पडत नाही, असे मला वाटते. आजीच्या आत ‘मी तीच’ म्हणणारा कोणी आहे. फटफटीत तसा कोणी नाही. तिच्यात आत्मा कल्पून आपण भावुक होऊ, समाधान होणार नाही. यंत्राचे तेपण यंत्राच्या आत शोधून मिळायचे नाही. ते बाहेर, माणसांच्या व्यवहारात शोधावे लागेल.

दिंडीप्रमुखांनी त्या दिवशी तोड काढली. जी एका किकमध्ये चालू होऊन पुढच्या मुक्कामाला जाईल तिला नारळ. धाकट्याची गेली, नारळ फुटला, टाळ वाजले. सगळ्यांना निवाडा पटला. मला पुरता पटला नाही. सेवा करील ती वडिलांची गाडी, असे म्हटले तर उद्या धाकट्याने ही विकून नवी क्लासिक घेतली आणि तेच काम केले, तर तीही वडिलांचीच म्हणायची का? 2009 पासून निघालेली ही क्लासिक दिसायला जुनी, आतून सर्वस्वी नवी. इंजिन वेगळे, गिअर उजव्या पायाचा डाव्या पायाला आलेला. ती दिंडीची उत्तम चाकरी करील. तरी तिला बाबांची गाडी म्हणायला धाकट्याचीही जीभ वळणार नाही. म्हणजे नुसते काम पुरत नाही आणि नुसते लोखंडही पुरत नाही. आणखी काहीतरी लागते.

ते काय, हे वारकऱ्याला शोधायला लांब जावे लागू नये. सप्ताहात विणेचा पहारा असतो. वीणा खाली ठेवायची नाही. एकाची वेळ संपली की दुसरा समोर येतो, दोघे एकमेकांच्या पाया पडतात आणि वीणा या गळ्यातून त्या गळ्यात जाते. सात दिवसांत विणेकरी कितीतरी होतात. तार तुटते, नवी लावतात. भोपळ्याला चीर गेली तर मिरजेला सतारमेकरांकडे जाऊन तो सांधून आणतात. तरी पुढल्या वर्षी आपण तीच वीणा म्हणतो, कारण देणारा आणि घेणारा एका क्षणी समोरासमोर उभे होते. पाळी बदलली, पहारा मोडला नाही.

धाकट्याच्या गाडीचे तसेच झाले. नवा पिस्टन आला तेव्हा जुना क्रँक तिथे होता. क्रँक बदलला तेव्हा तो पिस्टन आपल्या जागी बसलेला होता. प्रत्येक नव्या भागाला घरातल्या जुन्यांनी ओढून आपल्यात घेतले, नवी सून घरात मुरते तसे. सगळे भाग एका दिवशी बदलले असते तर त्याला दुरुस्ती कोणी म्हटले नसते. ती नवी खरेदी झाली असती. नव्या क्लासिकला वडिलांच्या गाडीतला एकही भाग भेटलेला नाही, म्हणून काम तेच करूनही ती वेगळी. म्हणून माझा कौल धाकट्याकडे. पण दिंडीप्रमुखांच्या कारणासाठी नव्हे.

इथे एक नाजूक गोष्ट आहे. दुरुस्ती कुठवर आणि हौस कुठून? बुलेटचे हँडल वाकवणारे, मडगार्ड कापणारे, टाकीवर चित्रे काढणारे कलाकार आज गावोगावी आहेत, आणि त्यांतल्या काहींचा हात खरोखर बघण्यासारखा असतो. हौस करण्यात पाप नाही. पण वडिलांच्या गाडीवर ती करावी का, याला नाथांचे वागणे मोठे मार्गदर्शक आहे. ज्ञानेश्वरी शके 1212 ची. नकलून नकलून पुढच्या तीनशे वर्षांत पाठ बिघडले. शके 1506 मध्ये एकनाथ महाराजांनी ती शुद्ध केली. त्यांची प्रतिभा काय सामान्य होती? मनात आणते तर पदरची ओवी अशी मिसळली असती की कोणाला कळली नसती. त्यांनी ती मिसळली नाही, आणि पुढच्यांनाही तसे करू नका म्हणून बजावले. स्वतःला जे सांगायचे ते त्यांनी आपल्या भागवतात सांगितले, आपल्या नावावर. दुरुस्त करणाऱ्याने आपला हात दिसू द्यायचा नाही, आणि हौस करणाऱ्याने तो लपवायचा नाही. गाडीला रंगीबेरंगी करायची तर वेगळी घ्यावी आणि ही माझी म्हणावे.

बाजारात नेमके उलटे चालते. नवे भाग, नकली टाकी, वर जुने नाव चिकटवून ‘ओरिजिनल’ म्हणून गाडी विकतात. कोणी चासीवरचा नंबर घासून दुसरा ठोकतो. तो तर गुन्हाच. कायद्याने गाडीची ओळख चासी आणि इंजिनाच्या नंबरात ठेवली आहे. 1988 च्या मोटार वाहन कायद्यात कंपनीने ठरवलेल्या रचनेत मनमानी बदलाला मनाई आहे, आणि 2019 साली सर्वोच्च न्यायालयानेही तेच सांगितले. इंजिन बदलायचे तर परवानगी घेऊन पुस्तकात नोंद करावी लागते. फटाके फोडणाऱ्या सायलेन्सरविषयी मी काही लिहीत नाही. पालखीच्या वाटेवर रथाची बैलजोडी एकदा बुजलेली पाहा, मग कोणी काही सांगायची गरज उरणार नाही.

थोरल्याची बाजू मात्र एवढ्यावर निकालात निघत नाही. तो मला भेटला तेव्हा त्याने एक शंका काढली, ती खरोखर जड आहे. तो म्हणाला, “महाराज, पालखीत आपण काय नेतो? पादुकाच ना? चालणाऱ्याच्या पायाखालची वस्तूच ती. मग बाबांच्या हातची वस्तू मी जपली तर चुकले कुठे?”

चुकले नाहीच. त्या पोत्यामागे पैशाचा हिशेब नव्हता. वर्षातून चार दिवस घरी येणाऱ्या मुलाला बाप जपायचा होता, आणि त्याच्या हाती तेवढेच लागत होते. पण पादुकांचे उदाहरण पुढपर्यंत न्यावे लागते. सातारा जिल्ह्यातल्या आरफळचे हैबतबाबा आपल्याला पूज्य आहेत ते कशासाठी? 1832 च्या सुमारास त्यांनी माउलींच्या पादुका पालखीत घालून, दिंड्यांचा क्रम लावून, भजनाच्या गजरात पंढरीच्या रस्त्यावर आणल्या. तेव्हापासून पालखीला खांदा देणारे बदलले, बैलजोडीचा मान आळंदीत एका घराकडून दुसऱ्या घराकडे जातो, आणि पादुका दर वर्षी चालतात. पादुका चालतात म्हणून आपण त्यांना माउली म्हणतो. तुझी गाडी टेंपोतून आली, असे मी त्याला म्हणालो. जरा कठोर बोललो, पण त्याने ऐकून घेतले.

गेल्या वैशाखात त्याने ती गाडी पुण्याहून गावाकडे आणली आणि त्याच मिस्त्रीपुढे उभी केली. यंदा धाकट्याबरोबर सांगोल्यापर्यंत तरी नेईन म्हणाला. दुसऱ्याच्या चासीचे कागद आधी आपल्या नावावर सरळ करून घे, असे मिस्त्रीने त्याला सुनावले. मग हेड उतरवले, बोअरमध्ये बोट फिरवले, वडिलांच्या वेळचा पिस्टन बाहेर काढून उजेडात धरला आणि सांगितले, अंगणात फिरवायची तर असू दे, वारीला न्यायची तर हा बदलावा लागेल.