दफ्तर आणि दैव

कांहीं वर्षांपूर्वीं आमच्या मूळ गांवची एक वृद्ध बाई आमच्या घरीं आली. आमचे आजोबा त्या गांवीं शिक्षक होते. ज्यांस अक्षरओळख नव्हती अशा शेजाऱ्यांचे देण्याघेण्याचे व्यवहार ते एका जाड वहींत तारीखवार टिपून ठेवीत. बाईच्या सासऱ्यानें गहाण टाकलेलें शेत पैसे फेडून सोडविलें होतें, आणि त्या फेडीची नोंद मास्तरांच्या वहींत आहे, असें तिनें सासूच्या तोंडून ऐकलें होतें. आतां त्या शेतावरून भाऊबंदांत वाद उभा राहिला होता. नोंद खरोखरच होती. लहानपणीं ती आम्हीं स्वतः वाचली होती. आम्हीं मोठ्या विश्वासानें माळ्यावरची पेटी खालीं काढली, आणि उघडून पाहतों तों वहीच्या जागीं मातीचें एक ढेकूळ! पेटीचा तळ पोखरून वाळवी आंत शिरली होती. बाईनें तें ढेकूळ हातीं घेतलें, क्षणभर पाहिलें आणि ती म्हणाली, "वाळवीचा काय दोष, दादा? आमचं नशीबच तसं."

बाई गेली, तिचे शब्द मात्र आमच्यापाशीं राहिले. तिनें दैवाकडे बोट दाखवून आम्हांस दोषमुक्त केलें, हा तिच्या मनाचा मोठेपणा झाला. पण ज्याच्या हातून दुसऱ्याचा पुरावा नाहींसा झाला, त्यानें स्वतः दैवाचें नांव घ्यावें काय? आगीनें जळलेल्या, पाण्यानें भिजलेल्या, किडीनें खाल्लेल्या कागदांचा दोष कोणाकडे जातो? हा प्रश्न आमच्या एका पेटीपुरता नाहीं. राष्ट्रांचीं दफ्तरें सांभाळणारांपुढेंही तो उभा राहतो. म्हणून वाचकांपुढें तो थोड्या विस्तारानें मांडण्याचें आम्हीं योजिलें आहे.

आपल्या धर्मशास्त्रानें या प्रश्नाचा विचार निक्षेपाच्या, म्हणजे विश्वासानें दुसऱ्याच्या स्वाधीन केलेल्या ठेवीच्या, प्रकरणांत केलेला आहे. चोरानें नेलेली, पाण्यानें वाहून गेलेली किंवा अग्नीनें जळलेली ठेव भरून देण्याचें बंधन ती राखणारावर नाहीं, असें मनु सांगतो. विचार एवढ्यावरच थांबला असता तर आम्ही निर्दोष ठरलों असतों. पण बृहस्पति याच्या पुढें जातो. राखणारानें आपलें धन आणि परक्याची ठेव यांत भेद केला, किंवा ठेवीची उपेक्षा केली, आणि त्यामुळें ती नष्ट झाली, तर त्यानें ती व्याजासह भरून दिली पाहिजे, असा त्याचा निर्णय आहे. तेव्हां आग लागली कीं नाहीं एवढेंच पाहावयाचें नाहीं. आग लागण्यापूर्वीं राखणारानें आपलें सोनें कोठें ठेविलें होतें आणि दुसऱ्याची ठेव कोठें ठेविली होती, हें पाहावयाचें. या कसोटीस आम्ही उतरत नाहीं. आमच्या घरांतील दागिने लोखंडी कपाटांत होते. वही माळ्यावर होती.

हीच कसोटी मोठ्या दफ्तरखान्यांस लावून पाहूं. १० जानेवारी १९२१ रोजीं सायंकाळीं अमेरिकेच्या राजधानींत, वॉशिंग्टन येथें, वाणिज्य खात्याच्या इमारतीच्या तळघरांत आग लागली. त्या तळघरांत अग्निरोधक कोठी होती, आणि इतर कांहीं जनगणनांचे कागद तींत ठेविलेले होते. १८९० च्या जनगणनेचे कागद मात्र कोठीबाहेर लांकडी फळ्यांवर रचलेले होते. त्यांतले कांहीं जळले, पुष्कळसे आग विझविण्याच्या पाण्यानें भिजले. सव्वासहा कोटींच्या सुमारास माणसांची ती मोजणी. तिच्यांतील सुमारें सहा हजार नांवें आज शिल्लक आहेत. पण याचें सगळें खापर अग्नीच्या माथीं फोडतां येत नाहीं. उरलेले भिजके कागद बारा वर्षें पडून राहिले, आणि निरुपयोगी म्हणून ते नष्ट करण्यास १९३३ च्या फेब्रुवारींत अमेरिकन काँग्रेसनें संमति दिली. त्याच महिन्यांत त्याच शहरांत राष्ट्रीय अभिलेखागाराची कोनशिला बसविली गेली! अग्नीनें जें मागें ठेविलें होतें तें मनुष्याच्या संमतीनें गेलें.

दुसरें उदाहरण याहून अधिक विचार करण्याजोगें आहे, कारण तेथें उपेक्षेपेक्षां हिशेबाची चूक मोठी होती. अमेरिकेंतीलच सेंट लुईस शहराजवळ माजी सैनिकांच्या नोकरीचे कागद ठेवण्यासाठीं एक प्रचंड सहा मजली इमारत १९५६ सालीं उघडली गेली. कागदांच्या मजल्यांवर आग लागतांच आपोआप पाणी शिंपडणारे नळ बसविलेले नव्हते. नळ गळून कागद भिजतील, ही भीति त्या काळच्या पुष्कळ दफ्तरदारांस वाटे. त्या विस्तीर्ण मजल्यांत आग अडविणाऱ्या भिंतीही घातलेल्या नव्हत्या. १२ जुलै १९७३ रोजीं, मध्यरात्र नुकतीच उलटली असतां, सहाव्या मजल्यावर आग लागली. तिचें कारण कधींच निश्चित झालें नाहीं. ती पुरती विझावयास चार दिवसांहून अधिक काळ लागला, आणि ज्या पाण्याची भीति बाळगली होती तेंच पाणी लाखों गॅलन ओतावें लागलें. सुमारें १ कोटी ६० लक्ष ते १ कोटी ८० लक्ष सैनिकांच्या संचिका नष्ट झाल्या. त्यांच्या दुसऱ्या प्रती कोठें काढलेल्या नव्हत्या.

यांत नुकसान कोणाचें झालें? सेनापतींचें विशेष झालें नाहीं. त्यांचीं नांवें इतिहासांत आहेत. नुकसान झालें तें साध्या शिपायाचें आणि त्याच्या विधवेचें. जुन्या जखमेवर उपचार मागावयाचे, निवृत्तिवेतन मागावयाचें, तर त्यांस नोकरीचा पुरावा दाखवावा लागे, आणि तो पुरावा सहाव्या मजल्यावर होता. पुढें तो जुळविला गेला तो बऱ्याच अंशीं इतर कचेऱ्यांतील पगारपत्रकांवरून आणि तशाच विखुरलेल्या नोंदींवरून. थोरामोठ्यांस साक्षीदार पुष्कळ मिळतात. गरिबाचा साक्षीदार बहुधा एकच कागद असतो. दफ्तर राखणें हा विद्वानांचा छंद आहे असें समजणारांनीं ही गोष्ट ध्यानांत ठेवावी. आमच्या दारीं आलेली बाई इतिहाससंशोधनासाठीं आलेली नव्हती.

आग निदान डोळ्यांना दिसते. क्षय दिसत नाहीं. चिंध्यांच्या लगद्याचा हातकागद आणि काजळीची शाई यांनीं लिहिलेलें दोनअडीचशें वर्षांपूर्वींचें मोडी पत्र अजून घडी सोसतें. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून लांकडाच्या लगद्याचा आणि तुरटीची खळ दिलेला कागद सर्वत्र आला, आणि त्यांत उत्पन्न होणारें आम्ल त्यालाच आंतून खाऊं लागलें. म्हणून पणजोबांचें पत्र शाबूत आणि वडिलांनीं जपलेल्या वर्तमानपत्राचा चुरा, असा उलटा प्रकार पुष्कळ घरांत आढळतो. कागदाच्या पुढचीं साधनें तर याहूनही नाजूक. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत चित्रपट ज्या नायट्रेट फितीवर निघत, ती फीत आपल्याच पोटांतील प्राणवायूवर जळते. पाण्यांत बुडविली तरी विझत नाहीं. 'आलम आरा' हा आपला १९३१ चा पहिला बोलपट. त्याची एकही प्रत आज उपलब्ध नाहीं. २००३ च्या जानेवारींत पुण्यांत जतन केलेल्या अशाच फितींच्या कोठारास आग लागली आणि जुन्या चित्रपटांचीं पुष्कळ रिळें गेलीं.

चुंबकीय फिती आणि तबकड्या यांची गोष्ट आणखी निराळी. कागदासाठीं बनविलेली अग्निरोधक तिजोरी आंतील उष्णता सुमारें १७५ अंश सेल्सिअसच्या वर जाऊं देत नाहीं. तेवढ्यांत कागद पेटत नाहीं. चुंबकीय फीत ५० अंशांच्या थोडें वर गेलें कीं बिघडूं लागते. शिवाय तिजोरीच्या भिंतींतील द्रव्य तापल्यावर पाण्याची वाफ सोडतें व कागदास वांचवितें. ती वाफ फितीस मारक ठरते. तेव्हां एकाचें संरक्षण तें दुसऱ्याचें संरक्षण नव्हे, आणि 'तिजोरींत आहे' एवढ्या शब्दांवर निश्चिंत राहतां येत नाहीं. कधींकधीं तर आगीची किंवा किडीची गरजही पडत नाहीं. १९६९ सालीं मनुष्यानें चंद्रावर प्रथम पाऊल ठेविलें, त्या वेळच्या मूळ फिती पुढें बहुधा पुसून दुसऱ्या कामास वापरल्या गेल्या, असा निष्कर्ष अमेरिकेच्या अंतराळसंस्थेनें शोधाअंतीं २००९ सालीं काढला.

येथें कोणी म्हणेल, सगळेंच जपूं लागलें तर जिवंत माणसांस राहावयास जागा उरणार नाहीं. जेथें शाळेवर छप्पर नाहीं तेथें जुन्या कागदांसाठीं थंड कोठ्या कशाला? हा आक्षेप हलका नाहीं. सगळें ठेवतां येत नाहीं, हें खरें. पण निवड आणि हयगय या दोन गोष्टी एक नव्हेत. निवड करणारा यादी करतो, कारण सांगतो, आपल्या निर्णयाखालीं सही करतो. त्याची चूक पुढच्या माणसास निदान कळते. हयगय करणारा कांहींच ठरवीत नाहीं, त्याच्यासाठीं वाळवी ठरविते. आपलीं खाजगी पत्रें जाळून टाकण्याचा अधिकार ज्याचा त्याला आहे. दुसऱ्याची ठेव कुजूं देण्याचा अधिकार कोणालाच नाहीं. राहिला खर्चाचा प्रश्न. त्या वहीला थंड कोठी नको होती. भिंतीपासून आणि जमिनीपासून दूर, कोरड्या जागीं ठेवलेली एक पत्र्याची पेटी, वर्षांतून दोन वेळां तिचें उघडणें, आणि एक नक्कल, एवढें पुरें होतें. पैसा थोडाच लागला असता. लक्ष लागलें असतें, आणि तेंच आम्हीं दिलें नाहीं.

नक्कल हा शब्द आम्हीं मुद्दाम शेवटीं ठेविला, कारण त्यांतच आमच्या मतें या प्रश्नाचें मर्म आहे. इतिहासाचार्य राजवाडे जुनीं दफ्तरें शोधीत गांवोगांव हिंडले, तेव्हां कांहीं घराण्यांनीं तीं मोकळ्या मनानें पुढें ठेविलीं, आणि कांहींनीं तीं दाखविण्याचेंही नाकारलें. नाकारणाऱ्यांस वाटलें, आपण ठेव राखिली. पण 'मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें' या मालेचा पहिला खंड १८९८ सालीं निघाला आणि त्यांतील पत्रें शेंकडों कपाटांत जाऊन बसलीं. आतां एका घरास आग लागून तीं नाहींशीं व्हावयाचीं नाहींत. ३० जून १९२२ रोजीं डब्लिन येथील आयर्लंडचा दफ्तरखाना यादवी युद्धांत भस्म झाला. त्या देशाचे जे जुने कागद आज वाचतां येतात, त्यांतील पुष्कळ पूर्वींच्या अभ्यासकांनीं उतरून घेतलेल्या नकलांमुळें आणि अन्यत्र गेलेल्या प्रतींमुळें टिकले. त्याच सामग्रीवरून त्या दफ्तराची पुनर्रचना शंभर वर्षांनीं लोकांस खुली झाली. जें एकाच ठिकाणीं आहे तें कितीही कुलुपांत असलें तरी सुरक्षित नाहीं. जो आपली ठेव इतरांस उतरून घेऊं देतो, तो ती गमावीत नाहीं. तो तिच्या रक्षणासाठीं आणखी माणसें नेमतो.

त्या बाईला आम्हीं आठवत होतें तेवढें लिहून, खालीं सही करून दिलें. स्मरणास वहीचें मोल येत नाहीं, हें तिलाही ठाऊक होतें आणि आम्हांसही. त्या पेटींत आणखी दोन वह्या होत्या. त्यांचीं कडेचीं पानें गेलीं असलीं तरी मधलीं वांचलीं होतीं. त्यांच्या दोन नकला आम्हीं उतरविल्या. एक आमच्यापाशीं आहे, दुसरी गांवच्या वाचनालयाच्या स्वाधीन केली. त्या पानांत कोणाकोणाच्या फेडी नोंदलेल्या आहेत त्या सर्व घरांचा पत्ता आम्हांस लागलेला नाहीं, आणि ज्यांच्या आहेत त्यांनाही बहुधा अजून त्यांची गरज पडलेली नाहीं.