शिकाऊ वैद्याचे पहिले वाक्य

सोळा वर्षांची मुलगी पोटदुखीचे निमित्त सांगून रुग्णालयात येते. आई क्षणभर बाहेर जाताच ती शिकाऊ डॉक्टरांना विचारते, "कुणाला सांगणार नाही ना?" या प्रश्नाला त्यांनी काय उत्तर द्यावे, याचा आम्ही येथे विचार करीत आहो.

तिला हवी असलेली तातडीची गर्भनिरोधक गोळी संबंधानंतर ७२ तासांच्या आत, जितकी लवकर तितकी बरी, घ्यावयाची असते. ती मुख्यतः बीजोत्सर्ग लांबविते. राहिलेला गर्भ पाडीत नाही. म्हणून तिला 'गर्भपाताचे औषध' म्हणून मुलीला भिवविणे हे असत्य होय, आणि उपदेशात तास दवडणे हा अपाय होय.

खरा पेच गुप्ततेचा आहे. २०१२ चा 'पॉक्सो' कायदा अठरा वर्षांखालील मुलीची संमती ग्राह्य धरीत नाही, आणि अपराध कळल्यास पोलिसांना कळविणे कलम १९ अन्वये बंधनकारक आहे. त्याच कायद्याखालील २०२० चे नियम मात्र सांगतात की, तातडीच्या उपचारासाठी कागदपत्रे मागू नयेत, आणि या गोळीविषयी मुलीशी, तसेच पालकांशी अथवा तिच्या विश्वासातील व्यक्तीशी बोलावे. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, मुलीची व पालकांची विनंती असल्यास, पोलिसांना कळविताना तिचे नाव उघड न करण्याची मुभा डॉक्टरांना दिली. परंतु ती गर्भपाताच्या संदर्भात.

अशा स्थितीत "नाही सांगणार" हे वचन गोड खरे, पण खोटे. चरकसंहितेच्या विमानस्थानात शिष्याला रुग्णाच्या घरची गोष्ट बाहेर न नेण्याची आज्ञा आहे, तशीच सत्य बोलण्याचीही आहे. एकीसाठी दुसरी मोडावी काय? आमच्या मते, डॉक्टरांनी आधीच सांगावे : "उपचार तुला मिळतीलच. पण तू सांगशील त्यातले काही कायद्याने मला कळवावे लागेल. कुणी बळजबरी केली असेल, तर तो कायदा तुझ्याच बाजूचा आहे."

हे ऐकून एखादी मुलगी गप्प होईल, कदाचित उठूनही जाईल. आणि तीच घरातल्या कुणाचा जुलूम सोसणारी असेल. ही किंमत लहान नव्हे. तथापि फसवून काढून घेतलेले गुपित उघड झाले, की ती पुन्हा कोणत्याच डॉक्टरांकडे जाणार नाही.

उरतो तो प्रश्न आपल्या घरांचा. नियमातील ती 'विश्वासातील व्यक्ती' कोण, असे विचारल्यावर आपली लेक आपले नाव घेईल काय?