खारीन गेलेला बॉल

अलिबाग तालुक्यातल्या रेवसच्या धक्क्यावर लाँचची वाट बघत उभं राहिलं की मुंबईची एफएम केंद्रं खणखणीत लागतात. मध्ये नुसतं पाणी, लहरींना अडवणार कोण? निवेदक सांगत असतो, अंधेरीला गाड्या तुंबल्यात, दुसरा रस्ता धरा. ऐकणाऱ्याच्या पायाशी म्हावऱ्याची पाटी, नजर भाऊच्या धक्क्याच्या दिशेला. त्याला अंधेरीचं काय? मुंबईत विजेच्या ट्रामा येणार म्हणून १९०४मध्ये कुलाब्याच्या वेधशाळेचं चुंबकीय काम अलिबागला हलवावं लागलं होतं. मुंबईच्या विजेपासून लांब म्हणून निवडलेलं हे गाव आज दिवसभर मुंबईची वाहतूक ऐकतं.

महाराष्ट्रातल्या रॅपबद्दल हल्ली बरंच बोललं जातं. पुण्याचा एमसी स्टॅन २०२३मध्ये ‘बिग बॉस’ जिंकला, अमरावतीकडच्या सौरभ अभ्यंकरचं वऱ्हाडी रॅप गाजलं, ‘स्वदेशी’ या गटाने २०१९मध्ये मुंबईच्या आरेतले आदिवासी कार्यकर्ते प्रकाश भोईर यांना सोबत घेऊन ‘द वारली रिवॉल्ट’ केलं. मग आमच्या आगरी किनाऱ्याचा रॅपर कुठे, असं मला कुणी ना कुणी विचारतंच. मला हा प्रश्न उलटा वाटतो. आधी विचारायला हवं, आमचा निवेदक कुठे?

रॅपर नावापुढे लावतात त्या ‘एमसी’चा मूळ अर्थच कार्यक्रम पुढे नेणारा. ११ ऑगस्ट १९७३ रोजी न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्समध्ये डीजे कूल हर्कच्या बहिणीने शाळेच्या नव्या कपड्यांसाठी पैसे जमवायला इमारतीच्या सभागृहात पार्टी ठेवली. हर्क तबकड्या वाजवत होता आणि कोक ला रॉक नावाचा दोस्त माइकवरून आलेल्यांची नावं घेत होता, कोट्या करत होता. त्या नावं घेण्यातून पुढे यमकं वाढली, रॅप झालं. म्हणजे बोलणारा आधी आला, गाणारा त्याच्या पोटातून निघाला. ऑगस्ट १९८८मध्ये ‘यो! एमटीव्ही रॅप्स’ सुरू झालं तेव्हाही वाहिनीने नुसती गाणी लावली नाहीत. फॅब फाइव्ह फ्रेडी हा भित्तिचित्रं काढणारा माणूस कॅमेरा घेऊन वस्त्यांमध्ये गेला, एन.डब्ल्यू.ए. या रॅप गटाच्या पोरांबरोबर कॉम्प्टनच्या रस्त्यांवरून फिरला. रोजच्या कार्यक्रमाला एड लव्हर आणि डॉक्टर ड्रे ही जोडी होती. दोघं एकमेकांची खेचायचे, पाहुण्याला आपल्याच ओट्यावर बसवल्यासारखं बोलतं करायचे. पुढे हीच जोडी न्यूयॉर्कच्या हॉट ९७ केंद्रावर सकाळच्या वेळेला आली. त्यांनी आपली बोली स्टुडिओच्या दाराबाहेर चपलेसारखी काढून ठेवली नाही, आणि तीच त्यांचं निम्मं भांडवल होती.

आता आमच्याकडे या. कापणी-मळणी उरकली की खारेपाटात, म्हणजे खाडीकाठच्या खारट जमिनीच्या पट्ट्यात, भाताच्या शेतांची मैदानं होतात. टेनिस बॉलच्या स्पर्धा, कुणाच्या तरी नावाचा चषक, बांबूच्या मंडपात टेबल, टेबलावर माइक. माइकवरचा समालोचक सकाळी नऊला सुरू होतो तो दिवे लागेपर्यंत. आधी पुस्तकी मराठीत, ‘चेंडू सीमारेषेच्या दिशेने’ वगैरे. मग खेळ रंगला की जीभ सैल सुटते. परवा एकाने उंच फटका मारला, बॉल बांधापलीकडे खाडीच्या पाण्यात. माइकवरून आवाज आला, “बॉल गेला खारीन, आता म्हावऱ्याला लावा फील्डिंगला!” मैदान हसून लोळलं. लगेच पुढच्या श्वासात कुणीतरी प्रत्येक षटकाराला पाचशे रुपये लावल्याची घोषणा, देणाऱ्याचं नाव, गाव, वडलांचं नाव, आणि तेही बॉलरच्या धावेच्या ठेक्यात बसवून. कोक ला रॉकने याहून वेगळं काय केलं होतं?

दोष आहेत, ते झाकू नयेत. अर्धा दिवस देणगीदारांच्या आरत्यांत जातो. ज्याचं नाव चषकावर, त्याच्याविरुद्ध अवाक्षर नाही. भाटाची परंपराही आपलीच. पण दाता एकटाच असला की भाट होतो. ज्याला रोजचं हक्काचं आसन आणि पगार आहे, त्याला थोडं तरी ताठ बसता येतं. समालोचकाला ते आसन द्यायचं कुणी?

खासगी एफएमला स्वतःच्या बातम्या द्यायची मुभा नाही, आणि या किनाऱ्यावर ऐकू येणारी केंद्रं मुंबईच्या जाहिरातींवर जगतात. तिथल्या माइकसमोर आगरी पोरगा गेलाच, तर ‘खारी’ची आधी ‘खाडी’ होईल, ‘पानी’चं ‘पाणी’ होईल, ‘डोला’चा ‘डोळा’ होईल, आणि मग म्हावऱ्याच्या फील्डिंगचा विनोद उरणारच नाही. टीव्हीवरच्या रॅप स्पर्धांमध्ये परीक्षकांच्या खुर्च्या मोठ्या, निवेदकाच्या हाती निकालाचा कागद. गप्पा मारायला तिथे वेळ कुठला?

यूट्यूब आहे की, असं म्हणतात. आहेच. या स्पर्धा थेट दिसतात, आखातात नोकरीला गेलेली गावची पोरंही बघतात. पण तिथे दिसतो तो सामना. समालोचकाचं नाव पडद्यावर क्वचित येतं. रोज ठरल्या वेळी तोच आवाज, त्याच्यासमोर कधी मच्छीमार सोसायटीचा माणूस, कधी लग्नात धवले म्हणणारी धवलारीण, कधी नवा रॅपर, आणि त्यांच्यात होणारी खडाजंगी, हे त्यातून घडत नाही. त्यासाठी २००६पासून स्वयंसेवी संस्थांनाही सामुदायिक रेडिओ काढता येतो. साताऱ्याच्या दुष्काळी म्हसवडमध्ये माणदेशी तरंग वाहिनी २००८पासून माणदेशी बोलीत बोलते. इथे चरीच्या शेतकऱ्यांनी १९३३पासून सहा वर्षं संप चालवला, त्या संपाचे नेते नारायण नागू पाटील यांनी १९३७मध्ये ‘कृषीवल’ हे वृत्तपत्र काढलं. छापील आवाज उभा करायला तेव्हा कुणाची वाट पाहिली नव्हती.

परवाचा समालोचक अंतिम सामना संपल्यावर माइक पुसून पिशवीत ठेवत होता. माइक त्याचा स्वतःचा, मंडपवाल्याच्या माइकवर त्याचा भरवसा नाही. घसा बसला होता. रात्री शेजारच्या गावात हळद होती, बेंजोवाल्यांनी बोलावलं होतं. पिशवीतून इस्त्रीचा शर्ट काढून तो मंडपाच्या मागे गेला.