बुरूज बांधण्याआधीं खर्चाचा हिशेब



प्रभूनें एके प्रसंगीं लोकांस एक साधा दृष्टांत दिला. ज्यास बुरूज बांधावयाचा आहे तो शहाणा मनुष्य आधीं खालीं बसतो, खर्चाचा अदमास काढतो, आणि काम शेवटास नेण्याइतकें आपणांजवळ आहे कीं नाहीं हें पाहतो. जो असें करीत नाहीं त्याचा पाया तेवढा घातला जातो, भिंती उठत नाहींत, आणि येणारेजाणारे त्यास हंसतात. हा दृष्टांत शिष्यपणाविषयीं आहे हें खरें. परंतु जो नियम मोठ्या गोष्टीस लागू, तो आपल्या मुलांच्या शिक्षणासही लागू आहे.

मे महिन्यांत दहावीचा निकाल लागतो आणि लगेच अकरावीची शाखा निवडावी लागते. आपल्या मालवण किनाऱ्यावर हेच दिवस होड्या वर ओढून झांकून ठेवण्याचे. १ जूनपासून मासेमारीस सरकारी बंदी, समुद्र खवळलेला, घरांत मिळकत नाहीं. अशा ओढगस्तीच्या दिवसांत आपण मुलाच्या उभ्या आयुष्याचा पाया घालतों, आणि बहुतेक वेळां खालीं न बसतां, हिशेब न करितां घालतों.

मीं स्वतः हा अपराध केला आहे, तो आधीं सांगतों. कांहीं वर्षांपूर्वीं आमच्या मंडळींतील एका मच्छीमाराचा मुलगा दहावीनंतर मजकडे आला आणि म्हणाला, “मास्तर, माका जहाजार इंजिनेर होवचा आसा. खंयची शाखा घेव?” मुलगा गणितांत हुशार, पण विज्ञानशाखेचें महाविद्यालय दूर, एस.टी.चा खर्च जास्त, आणि बापाची होडी त्या सालीं नादुरुस्त. मीं म्हटलें, “बाळा, जवळ कलाशाखा आहे, तेथें जा. पदवी मिळाली म्हणजे सर्व वाटा मोकळ्या होतात.” माझें बोलणें प्रेमाचें होतें, पण माहितीचें नव्हतें. दोन वर्षांनीं तो चांगल्या गुणांनीं बारावी उत्तीर्ण झाला, आणि मग कळलें कीं व्यापारी जहाजावर अधिकारी होण्याच्या शिक्षणास बारावीस भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र व गणित हे विषय लागतात, व त्या तिहींत मिळून शेंकडा ६० गुण लागतात. त्याच्या गुणपत्रिकेंत त्यांपैकीं एकही विषय नव्हता. शेवटीं दहावीच्या गुणांवर तो तंत्रनिकेतनांत पहिल्या वर्षास बसला, आपल्याहून दोन वर्षांनीं लहान मुलांच्या शेजारीं. आज तो बंदरावर होड्यांचीं इंजिनें दुरुस्त करितो आणि प्रामाणिकपणें भाकर मिळवितो. मीं त्याची क्षमा मागितली तेव्हां तो एवढेंच म्हणाला, “तुमका तरी खंय ठावक होता, मास्तर?” हें त्याचें मन मोठें. परंतु तें उत्तर माझ्या मनांत अजून सलतें. ठाऊक नसणें हा माझा दोष नव्हता. विचारपूस केल्यावांचून सल्ला देणें हा होता.

आतां हिशेबाकडे वळूं. उत्तीर्ण होणें ही आपल्या मुलांची अडचण राहिलेली नाहीं. सन २०२५ च्या दहावीच्या परीक्षेंत कोंकण विभागाचा निकाल शेंकडा ९८.८२ लागला, आणि राज्याच्या नऊ विभागांत तो पहिला आला. असें कित्येक वर्षें चाललें आहे. आपला मुलगा दारापर्यंत पोंचतो. कोणतें दार उघडावें हें त्यास सांगणारा कोणी नसतो.

तर दारें ओळखा. ज्यास वैद्य व्हावयाचें आहे त्यास बारावीस भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र व जीवशास्त्र हवें, आणि वर ‘नीट’ ही प्रवेशपरीक्षा. सन २०२१ पासून आपल्याच जिल्ह्यांत ओरोस येथें शासकीय वैद्यकीय महाविद्यालय झालें आहे. ज्यास इंजिनियर किंवा जहाजावरील अधिकारी व्हावयाचें आहे त्याचें गणित सुटतां कामा नये. ज्यास समुद्र सोडावयाचा नाहीं, पण समुद्राचें शास्त्र शिकावयाचें आहे, त्याच्यासाठीं रत्नागिरीजवळ शिरगांव येथें सन १९८१ पासून मत्स्य महाविद्यालय आहे. तेथील पदवी चार वर्षांची, आणि तिकडे जाण्याची वाट विज्ञानशाखेंतून. वाणिज्यशाखेंत गणित घेणें न घेणें मुलाच्या मर्जीवर असतें. पुढें संख्याशास्त्राकडे जाण्याची इच्छा असेल तर तें सोडूं नये. ज्यास हातानें काम करण्याची हौस आहे त्यानें बारावीची वाट पाहण्याचें कारण नाहीं. मालवणांत शासकीय तंत्रनिकेतन आहे, तेथें दहावीनंतर तीन वर्षांत पदविका मिळते. औद्योगिक प्रशिक्षण संस्थाही आहे.

एक गोष्ट सर्वांनीं लक्षांत ठेवावी. विज्ञान शिकलेल्यास पुढें कलेकडे किंवा वाणिज्याकडे वळतां येतें. कलाशाखेंतून बारावी झालेल्यास विज्ञानाकडे परत येण्याची वाट बहुधा नसते. म्हणून ज्या मुलाचा कल अजून ठरलेला नाहीं आणि ज्याची बुद्धि गणितांत चालते, त्यानें केवळ महाविद्यालय जवळ आहे एवढ्यासाठीं तें दार लावून घेऊं नये.

मुलींच्या बाबतींत ही काळजी अधिक हवी. वेंगुर्ल्यास अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशननें सेंट ल्यूक्स रुग्णालय उभारलें, मिरजेस डॉक्टर वॉन्लेस यांनीं रुग्णालय चालविलें. त्या काळापासून रोग्यांची शुश्रूषा हें आपल्या मुलींचें मानाचें काम झालें आहे. आज त्या कामाच्या दोन वाटा आहेत. परिचर्येच्या पदविकेस कोणत्याही शाखेंतून, इंग्रजी घेऊन, बारावी झालेली मुलगी जाऊं शकते. परंतु परिचर्येच्या पदवीस भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र व इंग्रजी हीं लागतात. दोन्ही वाटांनीं रोग्याची सेवा होते. पण पुढें शिकविण्याच्या व अधिकाराच्या जागांकडे पदवीची वाट लवकर नेते. हें मुलीस पंधराव्या वर्षीं कळलें तर ती निवड करील. अठराव्या वर्षीं कळलें तर ती फक्त रडेल.

पण येथें दुसरी चूक संभवते, तीही सांगितली पाहिजे. दावीद गल्याथाशीं लढावयास निघाला तेव्हां शौल राजानें त्यास आपलें चिलखत चढविलें. तें उत्तम काम असेल, राजाच्या अंगास शोभतही असेल. पण त्या पोरास त्यांत चालतां येईना. दाविदानें तें उतरून ठेविलें आणि आपल्या हातास संवयीची गोफण घेतली. आजचे कित्येक बाप विज्ञानशाखा मुलावर अशीच चढवितात, कारण शेजाऱ्याच्या मुलानें ती घेतली आहे. ज्यास भाषेची गोडी, इतिहासाची आवड, लोकांत बोलण्याची हातोटी, त्यास प्रयोगशाळेंत कोंडून काय मिळतें? कायद्याचें शिक्षण कोणत्याही शाखेंतून घेतां येतें, आणि केंद्र व राज्य सरकारच्या वरच्या प्रशासकीय सेवांच्या परीक्षांस कोणत्याही विषयाची पदवी चालते. आपल्याच मालवणांत सन १८३७ सालीं जन्मलेले रामकृष्ण गोपाळ भांडारकर रत्नागिरीस व पुढें मुंबईस शिकले, सन १८६२ सालीं मुंबई विद्यापीठाच्या पहिल्या पदवीधरांत बसले, आणि संस्कृत विद्येनें जगांत नांव मिळविलें. भाषा ही हलकी विद्या आहे असें मालवणकरानें तरी म्हणूं नये. देवानें एकास पांच तोडे दिले, एकास दोन. पण ज्यानें आपला एक तोडा पुरून ठेविला त्यासच धन्यानें दोष दिला. तेव्हां मुलाच्या हातांत कोणता तोडा आहे तो पाहा. दुसऱ्याच्या हातांतला मोजीत बसूं नका.

आतां पैशाविषयीं. आठवीच्या मुलास शिष्यवृत्तीची एक राष्ट्रीय परीक्षा देतां येते. ज्या घरचें वार्षिक उत्पन्न साडेतीन लाख रुपयांच्या आंत आहे व जें मूल सरकारी किंवा अनुदानित शाळेंत आहे, तें निवडलें गेल्यास त्यास नववीपासून बारावीपर्यंत वर्षास १२,००० रुपये मिळतात. एस.टी.च्या ज्या खर्चापायीं मीं त्या मुलास अडविलें, तो ह्यांतून निघाला असता. तसेंच सन २०२४-२५ पासून, आठ लाखांच्या आंत उत्पन्न असलेल्या इतर मागास, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि आर्थिक दुर्बळ वर्गांतील मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण व परीक्षा फी राज्य सरकार भरतें. हें ठाऊक नसल्यामुळें एकही मुलगी घरीं बसली तर तो दोष गरिबीचा नव्हे, आपला आहे.

उपदेशक बंधूंनो, हें काम आपलें आहे. रापण एकट्यानें ओढली जात नाहीं. दोन्ही टोंकांस माणसें लागतात, म्हातारे लागतात, बायका लागतात. आणि जाळें किनाऱ्यास आलें म्हणजे प्रत्येकास वांटा मिळतो. एका अशिक्षित बापावर मुलाच्या भविष्याचें सर्व जाळें टाकून आपण वाळूवर उभे राहावें काय? दिवाळीनंतरच्या एखाद्या रविवारीं उपासनेनंतर आठवी ते दहावीचीं मुलें व त्यांचे आईबाप यांस बसवून घ्या. प्रत्येक मुलास विचारा, तुला काय व्हावयाचें आहे, आणि कोणता विषय तूं कोणी न सांगतां वाचतोस? मग शाळेंतील शिक्षकांस विचारा, आणि त्या वाटेवर आधीं गेलेल्या माणसास विचारा. सन २०२५ पासून अकरावीचा प्रवेश सर्व राज्यांत ऑनलाइन होतो, आणि अर्जांत महाविद्यालयांचा पसंतीक्रम लिहावा लागतो. तो क्रम घरीं कागदावर आधीं ठरवा. अर्ज भरून देणाऱ्या दुकानदाराच्या बोटावर तो सोडूं नका.

आणि जें आपणांस ठाऊक नाहीं तें “ठाऊक नाहीं, विचारून सांगतों” असें म्हणावयास लाजूं नका. मीं एकदां लाजलों, आणि त्याची किंमत दुसऱ्याच्या मुलानें दोन वर्षांनीं भरली.

ज्या पित्यानें आपल्या प्रत्येक लेंकरास निराळी देणगी दिली, तो आपणांस ती ओळखण्याची दृष्टि देवो, बसून हिशेब करण्याची धीरता देवो, आणि आरंभिलेला बुरूज शेवटास नेण्यास एकमेकांचे हात देवो. आमेन.